बावन्नाव्या वर्षी पहिल्यांदाच एकटीनं फिरायचंय: निपाणीहून गोकाक, सौंदत्ती, कित्तूर, हलशी, तीन दिवस, फक्त बसनं. जमेल का?

वेदगंगाकाठ

नमस्कार मंडळी. वय ५२, निपाणी. दिवाळी झाल्यावर नोव्हेंबरात तीन दिवस मोकळे आहेत. बरोबर कुणी नाही आणि खरं सांगायचं तर कुणी नकोच आहे. प्रत्येक देवळात "चला, उशीर होतोय" ऐकायचा कंटाळा आलाय.

ठरवलंय ते असं. पहिल्या दिवशी निपाणी ते गोकाक धबधबा, मुक्काम गोकाक. दुसऱ्या दिवशी सौंदत्तीचा यल्लम्मा डोंगर, मुक्काम तिथंच. तिसऱ्या दिवशी कित्तूर, मग खानापूरवरून हलशी आणि रात्री घरी. स्वतःची गाडी नाही. कन्नड थोडंफार कळतं, बोलताना अडखळते, वाचता तर अजिबात येत नाही. आधार कार्ड कर्नाटकाचंच आहे.

घरचे नाही म्हणत नाहीत, पण दर तासाला फोन कर म्हणतात. माझ्या शंका तीन: बसच्या पाट्या कळणार कशा, एकट्या बाईला लॉजवर खोली देतात का, आणि घरच्यांचा जीव टांगणीला लागू नये म्हणून नेमकं काय ठरवून निघायचं. "बिनधास्त जा" आणि "कशाला उगीच" हे दोन्ही ऐकून झालंय. कामाचं सांगा.

लालडबा

ताई, तुमच्या बेतात एकटेपणापेक्षा तिसरा दिवस धोक्याचा आहे. सौंदत्तीहून बैलहोंगलवरून कित्तूर, तिथून बेळगाव, मग खानापूर, नंदगड, हलशी, आणि परत बेळगाव ते निपाणी पाऊणशे किलोमीटर. प्रत्येक टप्प्याला बस बदलायची. एक गाडी चुकली की पुढचं सगळं चुकतं आणि अंधारात फाट्यावर उभं राहायची वेळ येते. एकट्यानं फिरताना आपल्याकडं चोरापेक्षा शेवटची गाडी जास्त नडते.

म्हणून रोज नवा लॉज नको. बेळगावात एकच खोली दोन रात्रींसाठी घ्या आणि तिथून जाऊन-येऊन करा. पाठीवर ओझं नाही, संध्याकाळी कुठं पोचायचं ते ठरलेलं, आणि दुसऱ्या दिवशी लॉजवाला तोंडओळखीचा झालेला असतो.

आता पाट्या. कर्नाटकच्या गाड्यांवर गावाच्या नावाशिवाय आणखी एक शब्द असतो, तो ओळखता आला तर निम्मं काम होतं. 'वेगदूत' म्हणजे एक्स्प्रेस. 'तडेरहित' म्हणजे मधे कुठंच न थांबणारी. बेळगाव–धारवाड–हुबळीच्या तडेरहित गाडीत कित्तूरचं तिकीट मागू नका, ती थांबत नाही. 'ग्रामांतर सारिगे' ही खेड्यापाड्यात जाणारी आणि 'नगर सारिगे' म्हणजे शहर बस. हे चार शब्द आणि तुमच्या सहा गावांची नावं कुणा कन्नड शाळेत शिकलेल्या पोराकडून पोस्टकार्डाएवढ्या कागदावर मोठ्या अक्षरात लिहून घ्या, बाजूला मराठीत उच्चार. पाटी आणि कागद ताडून बघायचं. अक्षर वाचता आलं नाही तरी आकार जुळतो. मोबाईलमध्ये त्याचा फोटो ठेवा, पण कागद हवाच. कंडक्टरला कागद दाखवणं फोन दाखवण्यापेक्षा सोपं पडतं.

स्टँडवर फलाट दिशेनुसार ठरलेले असतात. आधी चौकशीच्या खिडकीवर जा, तिथं 'विचारणे' असं कन्नडमध्ये लिहिलेलं असतं. फलाटावर उभ्या असलेल्या लोकांना विचारून बसायचं असेल तर एकाला नाही, दोघांना विचारा, आणि पाय ठेवायच्या आधी कंडक्टरला तिसऱ्यांदा.

उपयोगी वाक्यं, आपल्या उत्तरेकडच्या बोलीत:
"ई बस हलशीगे होगतैतेन्री?" (ही बस हलशीला जाते का?)
"कडी बस यष्टक्क ऐत्री?" (शेवटची बस किती वाजता?)
"इल्ले इळस्री." (इथंच उतरवा.)
"ओदाक बरूदिल्री." (वाचता येत नाही.)

वेळ ऐकताना एक घोळ हमखास होतो. 'ऐदु' म्हणजे पाच आणि 'ऐदूवरी' म्हणजे साडेपाच. 'आरु' सहा, 'आरूवरी' साडेसहा. गडबडीत शेवटचं 'वरी' ऐकू येत नाही. ऐकलेली वेळ बोटं दाखवून परत विचारा.

दुसरा घोळ मुक्कामी गाडीचा. खेड्यात संध्याकाळी येणारी शेवटची बस बऱ्याच ठिकाणी तिथंच मुक्काम करते आणि पहाटे निघते. ती येताना बघून "आली की गाडी" म्हणत निवांत बसाल आणि ड्रायव्हर जेवायला निघून जाईल. शेवटची बस कोणती हे न विचारता परतीची शेवटची बस कोणती हे विचारा, आणि तीही धरू नका. तिच्या आधीची धरा.

तिकिटाचं: तुमचं आधार कर्नाटकाचं आहे, म्हणजे ११ जून २०२३ पासूनच्या महिलांसाठीच्या शक्ती योजनेत साध्या आणि वेगदूत गाडीत राज्यात फुकट. पण शून्य रकमेचं तिकीट मागून घ्यायचं, तपासणीला तेच दाखवावं लागतं. मूळ आधार जवळ ठेवा. राजहंस किंवा एसी गाडीला ही सवलत नाही. आणि निपाणीच्या स्टँडवर कोल्हापूरकडून येणारी महाराष्ट्राची एसटी पकडलीत तर पूर्ण तिकीट पडेल. तिथली महिलांची अर्धी सवलत महाराष्ट्राच्या हद्दीपुरती असते, आणि शक्ती योजना त्या गाडीत चालत नाही. फलाटावर दोन्ही उभ्या असतात, घाईत चूक होते.

रेल्वेनं जायचा विचार आला तर एवढंच: स्टेशनच्या नावात 'रोड' असलं की गाव लांब. गोकाक रोड, चिकोडी रोड ही तशीच. उतरल्यावर पुन्हा रिक्षा नाहीतर वडाप (शेअर जीप) शोधावं लागतं.

टिळकवाडीची_स्कूटर

लॉजचं मी सांगते, ताई.

देतात खोली. एकट्या बाईला नकार देणारे लॉज अजून आहेत, पण दारात जाऊन नकार ऐकण्यापेक्षा आदल्या दिवशी फोन करा आणि पहिलंच वाक्य असं: "मी एकटीच आहे, दोन रात्री, आधार आहे, संध्याकाळी पाचच्या आत येते." वेळ सांगितली की पलीकडच्या माणसाचा आवाज बदलतो. रात्री नऊला पिशवी घेऊन उभी राहिलेली बाई आणि पाचला आधी कळवून आलेली बाई यांना वेगळी वागणूक मिळते. ती मिळू नये हे खरं, पण मिळते.

लॉज स्टँडच्या अगदी तोंडावरचा नको, आणि खाली बार असलेला तर नकोच. कॉलेज रोड किंवा टिळकवाडीच्या बाजूला बघा, जिथं खाली खानावळ किंवा उडुपी हॉटेल आहे असा. सकाळी सहाला चहा खालीच मिळतो आणि रात्री जेवायला रस्ता ओलांडावा लागत नाही. चेक-आउट चोवीस तासांचं की दुपारी बाराचं, हे पैसे द्यायच्या आधी विचारा. फरक मोठा पडतो.

खोली पैसे भरायच्या आधी बघायची. दाराला आतून वरची कडी आहे का, ती चौकटीत नीट बसते का (लाकूड फुगलं की अर्धीच बसते), खिडकीला गज आहेत का, बाथरूमच्या झरोक्यातून शेजारच्या गच्चीवरून हात येईल का. पहिला मजला सगळ्यात बरा: रस्त्यावरून दिसत नाही आणि दिवे गेले तर जिना कमी. दाराखाली लावायला रबराची पाचर हार्डवेअरच्या दुकानात मिळते, ती घेऊन जा. कडी नीट असली तरी लावा, झोप चांगली लागते.

आधारची झेरॉक्स देताना नंबर झाकलेलं आधार द्या. आधारच्या संकेतस्थळावरून उतरवून घेता येतं, त्यात शेवटचे चारच आकडे दिसतात. झेरॉक्सवर तारीख आणि 'लॉजसाठी' असं आडवं लिहा. रजिस्टरमध्ये मोबाईल नंबर द्यावाच लागतो. मग काउंटरवर तो मोठ्यानं म्हणू नका, स्वतः लिहा.

घरच्यांचं. दर तासाचा फोन मान्य करू नका, कारण तो एकदा चुकणारच. जांबोटी, कणकुंबीच्या जंगलपट्टीत रेंज जाते, बाकी ठिकाणीही बसच्या आवाजात फोन ऐकू येत नाही, आणि चुकला की घरी हलकल्लोळ. ठरवायचं ते असं: सकाळी निघताना एक मेसेज (कुठं, कोणत्या गावावरून, परत किती वाजता), दुपारी एक, खोलीवर पोचल्यावर फोन. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे फोन नाही आला तर काय करायचं हेही लिहून द्यायचं. साडेसातपर्यंत फोन नाही, तर आधी लॉजच्या काउंटरला फोन. आठ वाजले तर बेळगावातल्या ओळखीच्या घरी. साडेआठला ११२. हा कागद फ्रिजवर चिकटवला की घरची काळजी निम्मी होते, कारण घरच्यांनाही करायला काहीतरी असतं.

व्हॉट्सॲपवर लोकेशन आठ तासांपर्यंत चालू ठेवता येतं. पण रेंज गेली की ठिपका जिथल्या तिथं थांबतो. "आई दोन तास रानात एका जागी उभी आहे" असं घरी वाटायला नको, म्हणून हे आधीच समजावून ठेवा. नेट नसेल तिथं साधा एसएमएस कधीकधी निघून जातो.

११२ ला फोन करताना आपल्या भागात पहिलं वाक्य "कर्नाटक, अमुक तालुका, अमुक गाव". सीमेवर मोबाईल पलीकडच्या राज्याचा टॉवर धरू शकतो. निपाणी, कागल, चंदगडच्या पट्टीत "मी हायवेवर आहे" एवढ्यानं भागत नाही. महिलांसाठी १८१ आहे, रेल्वेत १३९.

जोंधळा_आणि_लोणी

वरचं सगळं बरोबर आहे. पण यल्लम्मा डोंगर पहिल्याच एकट्या फेरीत घेऊ नका असं माझं स्पष्ट मत. देवीबद्दल काही म्हणणं नाही. तिथं गर्दीत एकटं माणूस ओढलं जातं. मंगळवार, शुक्रवार आणि पौर्णिमा या दिवशी तर नकोच. शक्ती योजनेपासून गर्दी वाढलीय, आणि परतीच्या बसला चढताना रेटारेटी होते, पाकिटं जातात ती तिथंच.

जायचंच असेल तर बुधवार किंवा गुरुवार, सकाळी नऊच्या आत डोंगरावर. मंगळसूत्र सोडून बाकी सोनं घरी. परडी भरायला, भंडाऱ्याला, दक्षिणेला किती द्यायचं ते खाली सौंदत्तीतच ठरवा आणि दहा-वीसच्या तेवढ्याच नोटा वेगळ्या खिशात. वर कुणी हाताला धरून "या ताई, मी करून देतो" म्हणालं की "ब्याड्री" (नको हो) म्हणून चालायला लागायचं. थांबून कारण सांगत बसलात की संपलं. मोठं पाकीट गर्दीत उघडायचं नाही, दर्शन होईस्तोवर त्याला हात लावायचा नाही.

गोकाकचं: धबधब्याची उंची साधारण ५२ मीटर, पण नोव्हेंबरात जुलै-ऑगस्टसारखं गढूळ रौद्र पाणी नसतं. पाणी किती हे हिडकल धरणातून किती सोडलंय त्यावर. कमी पाण्याच्या दिवसांत लोक खडकावर पार कड्याच्या टोकापर्यंत जातात. ओल्या खडकावर शेवाळ असतं आणि एकट्याला मागून धरणारं कुणी नसतं. कडेपासून दोन माणसांच्या लांबीएवढं अंतर ठेवा. काठावरचं महालिंगेश्वराचं जुनं देऊळ बघा, तिथं सावलीत बसून धबधब्याचा आवाज ऐकत राहायला कुणी उठवत नाही. धबधबा गोकाक गावापासून सहा किलोमीटर आहे. रिक्षानं गेलात तर त्याच रिक्षाचा परतीचा दर आणि थांबायचा वेळ आधी ठरवा. करदंट (गोकाकची मिठाई) परत येताना गावात घ्या.

खानापुरी_फणस

हलशीबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही. या यादीत एकट्यानं बघायची जागा कोणती म्हणाल तर ती.

भूवराह नरसिंह देवळात समोरासमोर दोन गाभारे आहेत, एकीकडं वराह, दुसरीकडं नरसिंह. मधे उभं राहिलं की दोन देवांच्या नजरेत आपण. घोळक्यानं गेलं की एक दर्शन, दुसरं दर्शन, फोटो, चला. एकट्या माणसाला डोळे अंधाराला सरावेपर्यंत थांबता येतं, आणि तेवढं थांबल्यावरच खांबांवरचं काम दिसायला लागतं. पाचेक मिनिटं लागतात. पलाशिका म्हणजे हीच हलशी, कदंबांचं दुसऱ्या राजधानीचं गाव. गोव्याच्या कदंबांच्या काळातला ११६९ चा शिलालेख इथं आहे. गावात आणखी जुनी देवळं आणि एक जैन बस्ती (जैन मंदिर) आहे, सगळी पायी होतात.

वेळेचं गणित: बेळगाव ते खानापूर सव्वीस किलोमीटर. साडेसातला बेळगाव सोडा. खानापूर स्टँडवर उतरल्याबरोबर हलशीची गाडी शोधायच्या आधी परतीच्या गाड्या विचारून कागदावर लिहा. नंदगडवरून गाडी जाते. दुपारी तीनच्या आत हलशी सोडायची असं धरा. नोव्हेंबरात सहाच्या सुमाराला सूर्य मावळतो आणि रानाकडच्या रस्त्यांवर त्याच्या आधीच काळोख होतो. खानापूर तालुक्यात अस्वल आणि गवा आहे, हे गंमत म्हणून सांगत नाही. बस चुकली तर दोन किलोमीटर चालत फाट्यावर जाऊ, असा विचार संध्याकाळी करायचा नाही. देवळात परत जा, पुजाऱ्यांना सांगा, वडाप किंवा कुणाच्या घरची गाडी मिळते.

जेवण बरोबर न्या. हलशीत चहा-बिस्किटापलीकडं काही मिळेल हे धरून चालू नका. भाकरी, शेंगदाण्याची चटणी, दोन लिटर पाणी. आणि ताई, स्वच्छतागृह. खानापूर स्टँडवर जाऊन घ्या, सुट्टे पाच-दहा रुपये हाताशी ठेवून. तिथून पुढं आडोसाच. त्या भीतीनं पाणी कमी पिणाऱ्या बायकाच डोकं धरून परत येतात.

भीमगड अभयारण्य, वज्रपोहा धबधबा असलं कुणी सुचवलं तर एकट्यानं नाही आणि वनखात्याला विचारल्याशिवाय तर नाहीच.

घाटमाथा

एवढं बसचं गणित करण्यापेक्षा स्कूटर काढा की. स्वतःची वेळ, स्वतःचा रस्ता.

टिळकवाडीची_स्कूटर

@घाटमाथा, माझ्या नावातच स्कूटर आहे, तरी नोव्हेंबरात निपाणी–चिकोडी–संकेश्वर पट्ट्यात पहिल्या एकट्या फेरीला स्कूटर नको म्हणते. कारखाने सुरू झालेले असतात. ट्रॅक्टरमागं दोन-दोन ट्रॉल्या, ऊस बाजूला हातभर बाहेर आलेला, मागं दिवा नाही की रिफ्लेक्टर नाही. समोरच्या गाडीचा प्रकाश डोळ्यात आला की ट्रॉली दिसतच नाही, आपटल्यावर कळते. रस्त्यावर पडलेल्या उसावरून आणि पाचटावरून चाक सटकतं ते वेगळंच.

ज्यांना स्कूटरच न्यायची आहे त्यांनी सूर्य मावळायच्या अर्धा तास आधी थांबावं, ट्यूबलेस टायर असेल तर पंक्चरचे दोरे, टोचा आणि हवेचा छोटा पंप डिकीत ठेवावा, आणि तो घराच्या अंगणात एकदा वापरून बघावा. दोरा आत ढकलायला बराच जोर लागतो, ते रस्त्यावर पहिल्यांदा कळू नये. पावसाळ्यात तर कारदगा–भोज, कल्लोळ–येडूर हे खालचे पूल बघूनच निघायचं. इथं ऊन असतं, पाऊस वर राधानगरीकडं पडतो आणि दूधगंगा-वेदगंगेचं पाणी पुलावर इथं येतं.

लालडबा

तारखांचं राहिलंच. १ नोव्हेंबर टाळा: कर्नाटकाचा राज्योत्सव आणि सीमाभागातल्या मराठी लोकांचा निषेधाचा काळा दिवस एकाच दिवशी, बेळगावात रस्ते बंद असतात. डिसेंबरपर्यंत पुढं ढकललंत तर सुवर्ण विधानसौधातलं (बेळगावातलं विधानभवन) अधिवेशन आहे का बघा, त्या दिवसांत बेळगावात खोल्या मिळत नाहीत. सीमाप्रश्न तापला की दोन राज्यांमधल्या गाड्या बंद होतात, फेब्रुवारी २०२५ मध्ये काही दिवस झालं तसं. तुमचा फेरा आख्खा कर्नाटकातच आहे, त्यामुळं कर्नाटकच्या गाडीनं गेलात तर सीमेवर अडकायचा प्रश्न नाही. तरी निघायच्या आदल्या रात्री बातम्या बघा.

वेदगंगाकाठ

सगळ्यांचे आभार. सौंदत्ती काढली, ती मार्चमध्ये बहिणीबरोबर करीन. नवा बेत: पहिला दिवस निपाणी–संकेश्वर–गोकाक–बेळगाव. दुसरा दिवस हलशी. तिसरा दिवस सकाळी कित्तूर आणि दुपारी बेळगाववरून घरी. खोली बेळगावात, दोन रात्री.

दोन प्रश्न उरले. पहिल्या दिवशी गोकाकला पिशवी कुठं ठेवू? आणि बसमध्ये बायका विचारतातच, "एकट्याच? कोण नाही बरोबर?" त्यांना काय सांगायचं?

जोंधळा_आणि_लोणी

पिशवी ठेवायची वेळच येऊ देऊ नका. तीन दिवसांना दोन साड्या किंवा ड्रेस, शाल, चप्पल एकच पण चालायची, औषधं, पॉवरबँक, पाचर. सगळं मिळून पाच किलोच्या आत, पाठीवरची सॅक. मांडीवर घेऊन बसता आली पाहिजे. बसच्या टपावर किंवा मागच्या डिकीत टाकलं की दर थांब्याला मान वळवून बघत बसावं लागतं. पैसे तीन जागी: रोजचे कमरेच्या बटव्यात, दोन हजार सॅकच्या तळाला, पाचशेची एक नोट फोनच्या कव्हरमागं. यूपीआयवर विसंबू नका, खेड्यात रेंज नसली की कंडक्टरही हात वर करतो.

पहिल्या दिवशी गोकाकहून बेळगावची गाडी दुपारी अडीचच्या आत धरा. जवळजवळ दोन तास लागतात, म्हणजे पाचला लॉजवर. निपाणीहून सातला निघालात तरच हे बसतं. आठला निघालात तर धबधब्यावर जेमतेम तास मिळेल.

टिळकवाडीची_स्कूटर

बायकांना खरंच सांगा की हो. "देवळं बघायला निघालेय, बेळगावात माणसं आहेत." लॉजवाला माणूसच आहे. त्या बायका उतरेपर्यंत जागा धरतात, "इल्ले इळस्री" तुमच्या वतीनं ओरडतात, आणि गाडी चुकीची असेल तर कंडक्टरच्या आधी त्याच सांगतात. पुरुषानं विचारलं तर "पुढच्या स्टँडवर घ्यायला येणार आहेत" म्हणायचं आणि खिडकीबाहेर बघायचं. लॉजचं नाव आणि खोलीचा नंबर दोघांनाही नाही.

पुढं बायकांसाठी राखीव जागा असते, ड्रायव्हरच्या मागच्या दोन-तीन रांगांत बसा. तिथून रस्ता दिसतो आणि मळमळही कमी होते.

खानापुरी_फणस

कित्तूरला २३ ते २५ ऑक्टोबर उत्सव असतो, तुम्ही नंतर जाताय ते बरं. किल्ला उघडा आहे, ऊन सपाट पडतं, म्हणून सकाळीच. संग्रहालयाची साप्ताहिक सुट्टी लॉजवरून फोन करून विचारून घ्या. आणि बेळगावात पहिल्या संध्याकाळी तासभर उरला तर स्टँडच्या समोरच किल्ला आहे. आतली कमल बस्ती १२०४ ची, छतातलं दगडी कमळ मान वर करून बघायचं. लॉजवर सॅक टाकून रिक्षानं जाऊन या, अंधार पडायच्या आत.